घोरणं, कूस आणि भिंतीकडची जागा

पत्र

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५४. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. घरात मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. ताई घरून पोळी-भाजीचे डबे करतात आणि दुपारी दुचाकीवरून अंबडच्या कारखान्यांत स्वतः पोचवतात. गेल्या तीन-चार वर्षांपासून त्या घोरतात, आणि आवाज वाढतच चालला आहे. नातू आधी त्यांच्याजवळ झोपायचा. "आजी, तुझ्या गळ्यात ट्रॅक्टर आहे," असं म्हणून आता तो आईबाबांच्या खोलीत झोपतो. घरात सगळे हसले, ताईही हसल्या, पण ते मनाला लागलं. पुढच्या महिन्यात त्यांचं भजनी मंडळ पंढरपूरला निघतं आहे. दोन रात्रींचा मुक्काम, एका खोलीत सात जणी, खाली गाद्या घालून. नाव दिलं होतं, आता ते काढून घ्यावं असं वाटतंय. "बाईमाणसाने इतकं घोरणं बरं दिसत नाही," असं त्या लिहितात.

कुशीवर झोपलं की घोरणं थांबतं असं शेजारणीने सांगितलं, म्हणून महिनाभर प्रयत्न चालला आहे. झोपताना कुशीवर असतात, पण पहाटे तीनला लघवीला जाग येते तेव्हा उताण्याच असतात. दोन उशा घेऊन पाहिल्या, तर मान धरली. नाकाला लावायचा चिमटा मागवला, फरक नाही. मंडळातल्या एकीने डोकं पूर्वेला करायला सांगितलं आहे. त्यांचे प्रश्न तीन. कोणत्या कुशीवर झोपायचं? रात्रभर तसंच कसं राहायचं? आणि पंढरपूरला जायचं की नाही?

शेवटी जाता जाता लिहिलं आहे: निफाडला नणंदेकडे लग्नासाठी राहिल्या होत्या, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही मधेच एकदम गप्प होता आणि मग दचकल्यासारखा श्वास घेता." सकाळी डोकं जड असतं, दुपारी भाजी निवडताना डुलकी लागते, रक्तदाबाची गोळी यंदा वाढवावी लागली. "पण ते वयामुळे असेल."

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ट्रॅक्टरपाशी थांबले, दुसऱ्या वेळी तुमच्या नणंदबाईंच्या वाक्यापाशी. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही अगदी तळाशी, पाहुण्याला निरोप देताना दारात बोलावं तसं लिहिलं आहे. तिथे मी येणारच आहे. आधी कुशीचं बघू, कारण महिनाभर तुम्ही तिच्याशी झुंजताय आणि जमत नाही म्हणून स्वतःवरच चिडताय.

नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा श्वासाचा रस्ता मऊ असतो. खाली श्वासनळीला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, तसा इथे नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ, घशाच्या बाजू हे सगळं स्नायूंच्या ताणावर उघडं राहतं. झोप लागली की हा ताण सैल पडतो. त्यात उताणं झोपलेलं असलं तर जीभ आणि टाळू आपल्याच वजनाने मागे सरकतात. रस्ता अरुंद होतो, हवा जोराने जाते आणि मऊ कडा थरथरायला लागतात. तुमच्या नणंदेच्या निफाडकडे द्राक्षबागांवर प्लास्टिक घालतात ना, ते ताणून बांधलेलं असलं तर वाऱ्यातही गप्प राहतं, आणि एक बाजू सैल सुटली की रात्रभर फडफडतं. घोरणं म्हणजे घशातली तशीच फडफड. शिवाय उताणं झोपल्यावर पोटाचा भार छातीखालच्या पडद्यावर येतो, फुप्फुसं जरा कमी भरतात आणि घशाला खालून मिळणारी ओढही कमी होते. कुशीवर वळलं की जीभ मागे न पडता बाजूला कलते आणि रस्ता मोकळा राहतो. तेव्हा शेजारणीने सांगितलं ते खरं आहे.

पण तुम्ही त्याचा अर्थ असा घेतला की कुशीवर राहणं हे निश्चयाचं काम आहे, आणि आपला निश्चय कमी पडतोय. ताई, झोपेत प्रत्येक जण एका रात्रीत कितीतरी वेळा कूस बदलतो. एकाच अंगावर भार राहू नये म्हणून शरीर ते आपणहून करतं. झोपलेल्या माणसाकडून शब्द पाळून घेता येत नाही, त्याच्या अंथरुणाची मांडणी मात्र बदलता येते. पहाटे तीनलाच असं का, यालाही कारण आहे. स्वप्नं पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि त्या झोपेत अंगाचे स्नायू सर्वांत सैल असतात. म्हणून काही जणांचा हा त्रास पहाटेकडे वाढतो. रात्री अकराला शांत झोपलेली बाई तीन वाजता ट्रॅक्टर का चालवते, याचं उत्तर त्यात आहे.

कोणती कूस? घोरण्यापुरतं बोलायचं तर दोन्ही चालतात. आपल्याकडे दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात, म्हणजे डाव्या कुशीवर पडणं. जठराच्या ठेवणीमुळे डाव्या कुशीवर आंबट पाणी वर येण्याचा त्रास कमी होतो, तेव्हा जळजळ होत असेल तर डावी कूस धरा. डावा खांदा दुखत असेल तर उजवी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कुशीवरच झोपावं, हे इतर वाचकांसाठी. हृदय कमजोर असलेल्या काही जणांना डाव्या कुशीवर अस्वस्थ वाटतं, त्यांनी जी सोसते ती कूस घ्यावी. पालथं झोपूनही घोरणं कमी होतं, पण मान रात्रभर मुरगळलेली राहते, त्या वाटेला जाऊ नका. आणि एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही: धड कुशीवर पण तोंड छताकडे, असं झोपलं तर निम्मा फायदा गेला. चेहराही कुशीच्या बाजूलाच वळलेला हवा.

डोकं पूर्वेला केल्याने घशाचा रस्ता रुंद होत नाही. मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा, मी मोडता घालणार नाही. पण खाट हलवणारच असाल तर ती भिंतीला लावा आणि भिंत पाठीशी येईल अशी झोपा. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये कापसाचा घट्ट लोड ठेवा, खांद्यापासून कमरेपर्यंत पुरेल एवढा लांब. तो बाजारातल्या मऊ फुगीर उशांसारखा नको, त्या तासाभरात चेपतात आणि तुम्ही त्यांच्यावरूनच उताण्या होता. गादीवाल्याकडे जुना कापूस पिंजून घ्या आणि लोड चांगला ठासून भरून घ्या. दुसरी एक उशी पुढून कवटाळायला आणि गुडघ्यांमध्ये धरायला. वरचा पाय पुढे टेकला की कंबर पिळली जात नाही आणि शरीराला उलटायचं निमित्त कमी मिळतं.

दोन उशांनी मान धरली, त्यात नवल नाही. उशांवर उशी ठेवली की मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि जो रस्ता उघडायचा तोच मुडपतो. कुशीवर झोपताना उशी एकच, कान आणि खांद्याच्या टोकामधली जागा भरेल एवढ्याच उंचीची. उंची हवीच असेल तर ती डोक्याला नको, पाठीपासून हवी. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली चार-पाच इंचांचे लाकडी ठोकळे ठेवा, घसरणार नाहीत असे. त्याने काही जणांचं घोरणंही उतरतं आणि जळजळही.

पाठीवर चेंडू शिवायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. जुन्या सुती गाउनला पाठीमागे, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, खिसा शिवायचा आणि त्यात टेनिसचा चेंडू ठेवून तोंड शिवून टाकायचं. उताणं झालं की चेंडू टोचतो आणि माणूस पूर्ण जागा न होता परत वळतो. युक्ती काम करते, पण बहुतेक लोक काही महिन्यांत कंटाळून ती सोडून देतात, कारण टोचणं ते टोचणंच. तुम्ही चेंडूऐवजी मोज्यांची घट्ट गुंडाळी घालून बघा. पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल तर यातलं काहीच नको. मानेला किंवा छातीला बांधायची, उताणं झालं की हलकेच थरथरणारी यंत्रंही मिळतात. ती सुसह्य असतात, पण विकत घेण्याआधी पुढचं सगळं वाचा.

आता माझ्या आईबद्दल सांगते.

जुन्या नाशकात आम्ही वाड्यात भाड्याने राहायचो. माजघरात आम्ही चार भावंडं आणि वडील ओळीने झोपायचो. आई घोरायची. आम्ही तिची नक्कल करायचो, आणि पाहुणे आले की ती मुकाट्याने स्वयंपाकघरात मोरीशेजारी अंथरूण टाकून मधलं दार ओढून घ्यायची. पुढे तिने स्वतःच उपाय शोधला होता. वडिलांचा जुना पंचा पिळून त्याची मोठी गाठ मारायची आणि ती गाठ पाठीवर येईल असा तो छातीभोवती बांधायची. चेंडूची युक्ती तिने कुठे वाचली नव्हती, तिची तिलाच सुचली. आवाज खरंच कमी झाला. आम्ही खूश झालो आणि विषय संपला. ती रात्रीतून तीन-तीनदा उठते, सकाळी कपाळाला सुंठ उगाळून लावते, दुपारी सूप हातात धरून तांदूळ निवडता निवडता झोपते, याचा आणि घोरण्याचा संबंध असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिची झोपेची तपासणी झाली तेव्हा ती ६७ वर्षांची होती, रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि हृदयाला सूज होती. कुशीवर झोपूनही तिचा श्वास रात्रभर थांबत होता. फक्त आवाज कमी झाला होता.

म्हणून तुमच्या नणंदबाईंच्या वाक्यापाशी मी थांबले. "मधेच एकदम गप्प होता आणि मग दचकल्यासारखा श्वास घेता." तुम्हाला छळतोय तो आवाज. मला काळजी आहे त्या मधल्या गप्प होण्याची. त्या वेळी रस्ता फक्त अरुंद झालेला नसतो, तो बंद झालेला असतो. छाती हलत असते आणि हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, झोप क्षणभर मोडते, घसा उघडतो आणि तो दचकल्यासारखा श्वास येतो. सकाळी आठवत काहीच नाही. श्वास असा १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो मोजण्यात धरतात. डॉक्टर याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रभर हे चाललं तर प्रत्येक वेळी हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. रक्तदाब गोळ्यांना दाद देईनासा होतो, पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. सकाळचं जड डोकं, दुपारची डुलकी, इतकंच काय रात्री लघवीला उठणंही यात बसतं. श्वासाच्या या ओढाताणीत हृदयावर ताण येतो आणि त्यातून मूत्र जास्त तयार होतं. तुम्ही म्हणता वयामुळे असेल. असूही शकेल. पण या चार गोष्टी आणि नणंदेने डोळ्यांनी पाहिलेलं, हे सगळं एकत्र आल्यावर वयावर ढकलून मोकळं होऊ नये.

तुम्हाला हा आजार आहेच असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही. घोरणाऱ्या सगळ्यांचा श्वास थांबत नाही, अनेकांचं नुसतं घोरणंच असतं. पण तपासायला हवं, आणि कुशीच्या उपायाने आवाज बंद होण्याची वाट न पाहता.

"बाईमाणसाने घोरणं बरं दिसत नाही" या वाक्याचं मला फार वाईट वाटलं. घोरणं ही सवय नाही आणि बेशिस्तही नाही. पाळी बंद झाल्यावर शरीरातली जी संप्रेरकं कमी होतात, ती घशाच्या स्नायूंचा ताण टिकवायलाही मदत करत होती. त्यानंतर चरबी मानेभोवती आणि पोटावर साठायला लागते. पन्नाशीच्या पुढे बायका घोरायला लागतात त्या यामुळे. तुमचं तीन-चार वर्षांपूर्वी सुरू झालं, म्हणजे गणित जुळतं. पण बायकांना लाज वाटते, म्हणून त्या घोरणं सांगत नाहीत. त्या डॉक्टरांना सांगतात की थकवा येतो, झोप लागत नाही, डोकं दुखतं. मग त्यांना शक्तीच्या गोळ्या मिळतात, कधी झोपेच्या. झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल होतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या ज्या गोळ्यांनी सुस्ती येते, त्यातल्या काही तसंच करतात. तुम्ही यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा, मनाने बंद मात्र करू नका. आणि ज्या पुरुषांसाठी त्यांच्या बायका हे वाचून दाखवत असतील त्यांना सांगते, झोपण्याआधीची दारू घशाला असंच ढिलं करते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी चार रात्री एक काम करा. मोबाइलमधलं आवाज टिपायचं साधन सुरू करून तो उशाशी, हातभर लांब ठेवा. दोन रात्री लोड लावून कुशीवर, दोन रात्री नेहमीसारखं. डब्यांचा हिशेब लिहिता त्याच वहीत तारीख, त्या रात्री कशा झोपलात आणि सकाळी डोकं कसं होतं, हे लिहा. मग सुनेला सोबत बसवून पहाटे तीन ते पाचमधला भाग ऐका. घोरणं किती मोठं आहे ते सोडून द्या. घोरणं तुटतं का, किती सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि त्यानंतर घुसमटल्यासारखा आवाज येतो का, हे ऐका. घड्याळ लावून मोजा. रेकॉर्डिंगवरून निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे "जरा घोरते" असं पुटपुटण्यापेक्षा ते ऐकवणं सोपं जातं.

आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा. थायरॉइड तपासायचं राहिलं असेल तर ते विचारा, तो कमी पडला तरी घोरणं वाढतं. नाकाचं हाड, टॉन्सिल यासाठी ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतील, किंवा थेट छातीच्या डॉक्टरांकडे. तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. एक रात्र अंगाला तारा आणि पट्टे लावून झोपायचं असतं. दवाखान्यात होते, काही वेळा छोटं यंत्र देऊन घरीही करतात. नाशिकमध्ये होते, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला याचा आकडा त्यात मिळतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तुमचा मूळ प्रश्न कुशीचा आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम विचारा: "उताणं असतानाचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगवेगळा सांगा."

हा फरक मोजायची कल्पना जुनी आहे. शिकागोच्या संशोधक रोझालिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये दाखवलं की काही रुग्णांत उताणं झोपल्यावरचा आकडा कुशीवरच्या निदान दुप्पट असतो. अशा लोकांचा त्रास मुख्यतः झोपण्याच्या पद्धतीचा, आणि सौम्य आजारात त्यांना लोड, भिंत, गाठ, चेंडू यांचा खरोखरच उपयोग होतो. तुमचा अहवाल तसा आला तर तुम्ही महिनाभर केलेले कष्ट वाया गेले नाहीत, फक्त ते नीट मांडायचे आहेत. पण कुशीवरही श्वास थांबत असेल तर लोडावर विसंबून राहता येणार नाही. मग नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र सुचवतील. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे मांडलं. दिसायला ते घाबरवणारं आहे आणि पहिले आठ-दहा दिवस नकोसं वाटतं. माझ्या आईने पहिल्याच रात्री ते काढून फेकलं होतं. आठवड्याने एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "काल मी एकदाही उठले नाही गं." खालचा जबडा थोडा पुढे धरणारी कवळीसारखी साधनं दातांचे डॉक्टर करून देतात, सौम्य आणि मध्यम त्रासात तीही चालतात.

वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही आणि मी अंदाज करणार नाही. वाढलेलं असेल तर ते उतरल्यावर घशाभोवतीची गर्दी कमी होते हे खरं. पण "आधी वजन कमी करते, मग तपासणी" असं करू नका. झोप मोडलेली असली की भूक वाढते आणि वजन हलत नाही. रात्रीचं जेवण मात्र लवकर आणि हलकं घ्या. डबे करणारी बाई स्वतः सगळ्यात शेवटी, साडेनवाला, उरलंसुरलं जेवते, हे मी न बघताही सांगू शकते.

नाकाच्या चिमट्याने फरक पडला नाही, कारण अडथळा बहुधा नाकात नाही, घशात आहे. थंडीत आपल्याकडे नाकं चोंदतात, शिवाय तुमच्या घरात दिवसभर फोडण्या आणि ठसका, तेव्हा झोपण्याआधी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा. चोंदलेलं नाक उघडायचे औषधी फवारे मात्र मनाने आठवडेच्या आठवडे मारू नका, सोडले की नाक आणखी चोंदतं. आणि मोबाइलवर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ फिरत आहेत. तुमच्यासारखी लक्षणं असलेल्या माणसाने ते अजिबात करू नये.

एक गोष्ट मात्र आजपासून. तपासणी होईपर्यंत दुपारचे डबे मुलाला किंवा एखाद्या पोऱ्याला न्यायला सांगा. भाजी निवडताना लागणारी डुलकी अंबडच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे लागली तर? गॅससमोरही तसंच. तेल तापत ठेवून बसू नका, उभ्या राहून काम करा किंवा सुनेला जवळ बोलवा. त्यांना कामाला लावल्यासारखं वाटेल म्हणून संकोच करू नका. माझ्या आईला आम्ही काय करायला हवं होतं ते मला आज कळतं, आणि तुमच्या मुलाला ते आजच कळलं तर त्याचं भलं आहे.

नातवाचं सांगते. त्याने तुम्हाला हिणवलेलं नाही, त्याला ऐकू आलं ते त्याने सांगितलं. गोष्टीपुरता त्याला तुमच्या अंथरुणात घ्या. तो आधी झोपतो, तुम्ही नंतर. गाढ झोपलेलं चार वर्षांचं पोर आवाजाने सहसा उठत नाही, आणि उठलंच तर सूनबाई त्याला उचलून नेतील. त्याला सांगा, ट्रॅक्टर दुरुस्तीला न्यायचा आहे. (ज्यांच्या घरात लहान मूलच रोज घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, त्यांनी कौतुकाने हसू नये. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा.) आणि जे नवरे-बायका शेजारच्याला रात्री कोपर मारून उठवतात त्यांना एक विनंती, कोपर नको. खांद्याला हात लावून हलकेच वळवलं की झोपेतला माणूस न उठता वळतो.

पंढरपूरला जा, ताई. यादीतून नाव काढू नका. त्या सहा जणींपैकी निदान दोघी घोरत असतील आणि त्याही तुमच्यासारख्याच मनातल्या मनात नाव काढायचा विचार करत असतील. निघण्याआधी मंडळात तुम्हीच मोकळेपणाने सांगून टाका. बुधवारच्या बाजारातून स्वच्छ कापसाचं पुडकं घ्या आणि सगळ्यांना कानात घालायला द्या. लोड नेता येणार नाही, तर कपड्यांची पिशवी पाठीशी लावा. ज्या मैत्रिणीशी मोकळं बोलता येतं तिच्या शेजारी झोपा आणि तिला आधीच सांगून ठेवा, उताणी दिसले तर वळव, श्वास थांबल्यासारखा वाटला तर हलव आणि सकाळी मला सांग. तोवर तपासणी होऊन यंत्र मिळालं असेल तर ते घेऊन जा, मुक्कामाच्या खोलीत गादीजवळ विजेचं बटण आहे का ते आधी विचारून घ्या.

हे वाचून झालं की निफाडला फोन लावा. त्या रात्री तुम्ही गप्प होत होता, तेव्हा उताण्या होता की कुशीवर, आणि साधारण किती वेळ गप्प राहत होता, एवढंच नणंदेला विचारा. ती सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि मंडळाच्या बाईंना निरोप द्या की मी येतेय, मला भिंतीकडची जागा ठेवा.